गोळाभाताची नोटशीट

दिगंबर पांढरीपांडे सचिवालयातून निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांना चहा करता येत नव्हता आणि तुळस सोडली तर एकही झाड ओळखता येत नव्हतं. याला आता सहा वर्षं झाली. चहा अजूनही येत नाही. पण स्वयंपाक आणि बागकाम या दोन विषयांवर भोपाळच्या समस्त मराठी माणसांची मतं एका पारड्यात घातली आणि दिगंबररावांची दुसऱ्यात, तर दुसरं पारडं जमिनीला टेकेल.

हा सगळा एका हरवलेल्या किल्लीचा प्रताप. तुलसी नगरातल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात चार कपाटं आहेत. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाची किल्ली मंडळाच्या जुन्या सचिवांच्या खिशात बसून त्यांच्या मुलाकडे बंगळुरूला गेली, ती गेलीच. दुसऱ्या कपाटात धार्मिक ग्रंथ. ते म्हातारपणी वाचू, असं दिगंबरराव बासष्टाव्या वर्षी म्हणाले. तिसऱ्यात जुने दिवाळी अंक, ते वाळवीने आधीच वाचून संपवलेले. उरलं चौथं. त्यावर पट्टी होती, ‘पाककला व बागकाम’.

आता वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे दिगंबररावांना एकाच प्रकारे ठाऊक होतं. छत्तीस वर्षं त्यांनी अर्ज वाचले होते. अर्ज आला की त्याची नस्ती, म्हणजे फाइल, उघडायची. तिच्यात हिरवट नोटशीट लावायची. खालचा माणूस तिच्यावर टीप लिहितो, वरचा त्याखाली आपली लिहितो, आणि असं लिहीत-लिहीत अर्जदार दमतो. दिगंबररावांच्या मते पुस्तक हासुद्धा एक अर्जच. लेखकाची मागणी असते, ‘माझं ऐका’. ऐकायचं की नाही, हे तपासून वर सादर करायचं. वर कोणी नव्हतं ही गोष्ट वेगळी. त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून नोटशीटचा गठ्ठा स्वखर्चाने आणला (सरकारी नाही, हे ते न विचारता सांगतात) आणि प्रत्येक पुस्तकाच्या पोटात टाचणीने एक-एक नस्ती लागू लागली.

पुण्याच्या एका लेखकाच्या बागकामाच्या पुस्तकावर त्यांनी लिहिलं, ‘लेखकाने अंगणात लाल, भुसभुशीत माती गृहीत धरली आहे. नेहरू नगर येथे अंगण खणले असता प्रथम काळी माती, त्याखाली मुरूम व त्याखाली घर बांधणाऱ्या ठेकेदाराच्या विटा लागतात. सदर पुस्तक पुण्याबाहेर लागू नाही.’ झटपट पदार्थांच्या पुस्तकावर, ‘प्रत्येक पदार्थास वीस मिनिटे दिली आहेत. घड्याळ लावून पाहिले. वीस मिनिटांत लसूण सोलून झाला.’ कोकणातल्या एका बाईंच्या पुस्तकावर, ‘एकशे बारा पानांत ओल्या नारळाचा उल्लेख एकशे चाळीस वेळा. लेखिकेच्या दारात माड असावा. असल्यास तसे मुखपृष्ठावर नमूद करणे आवश्यक होते.’ आणि ‘चवीनुसार मीठ’ या दोन शब्दांवर तर त्यांचा जुना राग. ‘ज्या निर्णयासाठी वाचकाने पुस्तक उघडले, तोच निर्णय लेखिकेने वाचकाकडे परत पाठवला आहे. ही टोलवाटोलवी आहे.’

रोपांशी रोज प्रेमाने बोलावं, असं एका पुस्तकात होतं. दिगंबररावांनी मेथीचे दोन वाफे केले. एकाशी अकरा दिवस बोलले, दुसऱ्याशी अबोला धरला. बोलले काय, तर हवामान आणि महागाई भत्ता. अबोल्याचा वाफा वीतभर आला, बोलका पिवळा पडला.

“बिचारी कंटाळली,” त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई म्हणाल्या. “आणि मेथीला अकरा दिवस? माझ्या वाट्याला सदतीस वर्षांत सलग चार आले असतील तर देवाशपथ.”

वाचनालयात या नस्त्यांनी बहार आणली. इतर वाचक त्याखाली आपापल्या टिपा लिहू लागले. चार इमलीतल्या सरकारी बंगल्यातून निवृत्त होऊन आलेले अनंत बक्षी लिहीत, ‘सहमत. माझ्याही मिरच्या मेल्या.’ त्याखाली आणखी कोणी, ‘श्री. पांढरीपांडे यांना वांगी येत नाहीत, हा पुस्तकाचा दोष नव्हे.’ त्याखाली पुन्हा बक्षी, ‘चर्चा करावी.’ वाचनालय सांभाळणारी अनुराधा म्हणायची, “काका, लोक येतात, नोटशीट वाचतात, खूश होतात आणि पुस्तक न नेता जातात.”

“म्हणजे नस्ती आपलं काम करतेय,” दिगंबरराव म्हणत.

पण मत दिगंबररावांचं असलं तरी मेहनत इंदुमतीबाईंची होती. पुस्तकातला पदार्थ तंतोतंत करून दाखवायचा त्यांनी, घड्याळ धरायचं यांनी. सहा वर्षांत बाईंनी परक्या बायकांच्या पुस्तकांतून एकशेवीस पदार्थ केले आणि प्रत्येकावर दोन-दोन पानं लिहिली गेली. आणि रोजचा स्वयंपाक? “कसं झालंय?” असं विचारलं तर दिगंबरराव म्हणत, “ठीक.” आणखी खोदलं तर, “अगं, घरचं आहे. घरच्याचं काय परीक्षण करायचं?” कुठल्याशा डोंबिवलीच्या बाईच्या शंकरपाळ्यांवर चार परिच्छेद आणि सदतीस वर्षं जिने वाढलं तिला दीड अक्षर! बाईंना राग नव्हता, पण कुतूहल मात्र साठत चाललं होतं. या माणसाला आपल्या हातचं खरोखर कसं लागतं, हे मरायच्या आधी एकदा कळायला हवं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ती संधी मंगला टेंब्यांनी आणली.

मंगलाताई मूळच्या इंदूरच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी भोपाळच्या मराठी घरांतून फिरून पाककृती गोळा केल्या आणि ‘भोपाळच्या मराठी चुली’ नावाचं पुस्तक स्वतःच छापलं. नेहरू नगरात त्या आल्या तेव्हा दिगंबरराव बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. इंदुमतीबाईंनी नागपूरकडचा गोळाभात सांगितला. भरड्यासाठी डाळ कशी जाडसर दळायची, गोळे केव्हा भातावर ठेवायचे, वरून हिंगाच्या तेलाची धार कशी सोडायची, सगळं. मंगलाताईंनी वहीत उतरून घेतलं.

“नाव मागच्या पानावर घालीन हं, आभारात. सगळ्यांचीच तिथे आहेत,” त्या म्हणाल्या.

बाई एकदम थबकल्या. दिगंबरराव प्रस्तावना आणि आभार कधीही वाचत नसत; अर्जदार कोणाचा कोण लागतो हे पाहिलं की टीप वाकडी होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हा गोळाभात त्यांच्यापुढे बिननावाचा जाणार होता, कुठल्यातरी परक्या बाईचा म्हणून. आणि परक्या बाईच्या पदार्थावर ते खरं मत देत.

“चालेल,” बाई म्हणाल्या. “आणि मंगलाताई, यांना यातलं काही बोलू नका.”

महिनाभराने दिगंबरराव ते पुस्तक घेऊन घरी आले. मंगळवारी सकाळी त्यांनी ओट्याजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, मांडीवर नोटशीट घेतली आणि जाहीर केलं, “पान एकतीस. गोळाभात.”

“तो मला येतो,” बाई शक्य तितक्या सहज म्हणाल्या.

“तुला येतो तो वेगळा. हा पुस्तकातला. वाच आणि कर.”

बाईंनी पुस्तक उघडलं. आपले शब्द छापून आलेले पाहून कानशिलं गरम झाली. पहिली ओळ बरोबर होती. दुसऱ्या ओळीत होतं, ‘दोन वाट्या बेसन’. बाईंनी डोळे चोळले. त्यांनी भरडा सांगितला होता. तिसऱ्या ओळीत होती ‘साखर, एक चमचा’. आणि शेवटी ‘फोडणीस तेल एक चमचा, आरोग्याच्या दृष्टीने’. एक चमचा तेलाचा गोळाभात नागपुरात कुणी वाढला तर ठरलेली सोयरीक मोडते.

बाईंनी गुपचूप भरड्याच्या डब्याला हात घातला.

“हे काय?” खुर्चीतून आवाज आला.

“भरडा.”

“पुस्तकात काय आहे?”

“बेसन. पण अहो, बेसनाचे गोळे घट्ट होतात. कुणालाही विचारा.”

“मग होऊ दे ना घट्ट! तू इथे सुधारून दिलंस तर तिची चूक वर कशी जाणार? नियमात बस, इंदू.”

बाईंपुढे दोनच रस्ते होते. ‘हा माझा आहे आणि मंगलाताईंनी बिघडवलाय’ असं सांगून टाकायचं. मग यांनी ‘अरेच्चा, घरचाच का!’ म्हणून पेनाला टोपण लावलं असतं आणि सहा वर्षांनी आलेली संधी गेली असती. नाहीतर गप्प बसून बिघडलेला करायचा. बाईंनी बेसनाचा डबा काढला.

“साखर घातलीस?”

“घालतेय.”

“चमचा शिगोशीग दिसतोय. सपाट कर.”

“तुम्हीच करा.”

दिगंबररावांनी खरोखर उठून सुरीच्या पाठीने चमचा सपाट केला आणि वेळ लिहून ठेवली.

पान वाढलं. पहिला गोळा बोटाने फुटेना, म्हणून त्यांनी जोर दिला तेव्हा तो ताटातून निसटून फ्रीजपर्यंत गेला. दुसरा त्यांनी तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. बाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. चूक आपली नाही हे माहीत असूनही दहावीच्या निकालाची वाट बघावी तशा त्या त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या.

“कसा झालाय?” न राहवून त्यांनी विचारलंच.

“नस्ती वाचनालयात जमा होईपर्यंत टीप गोपनीय असते,” दिगंबरराव म्हणाले. मग ताट जरा पुढे सरकवून खालच्या आवाजात, “सकाळची पोळी उरलीय का एखादी?”

त्या दुपारी ते तीन तास लिहीत होते. एरवी दोन पानं लागत. या वेळी बाईंनी खोलीच्या दारातून मोजली, पाच लागली. संध्याकाळी टाचणी लावून, पुस्तकात घालून त्यांनी ते सगळं वाचनालयात नेऊन दिलं. बाईंना वासही लागू दिला नाही.

शनिवारी सकाळी अनुराधाचा फोन आला. “काकू, काकांना घेऊन जरा येता का? मंगलाताई आल्यात. नस्ती वाचलीय त्यांनी. त्यांचा आवाज पार रस्त्यावर जातोय.”

दोघं ॲक्टिव्हावरून तुलसी नगरात पोचले. रस्त्यात दिगंबरराव निवांत होते. “लेखक लोक चिडतातच,” ते मागे वळून म्हणाले. “त्यांना अपिलाचा हक्क आहे.”

“पुढे बघून चालवा,” बाई म्हणाल्या.

मंगलाताई वाचनालयाच्या मधोमध उभ्या होत्या. “या भाऊजी, या! दोनशे प्रती छापल्यात मी. आणि तुम्ही काय लिहिलंय? ‘गोळ्यांचा उपयोग बागेत कुंड्यांच्या बुडाशी निचऱ्यासाठी करता येईल!’”

“तो सूचनेचा भाग आहे. दोन्ही विषयांना धरून आहे,” दिगंबरराव म्हणाले.

त्यांची जुंपली तशी बाईंनी टेबलावरचं पुस्तक हळूच उचललं आणि कथा-कादंबऱ्यांच्या बंद कपाटापाशी जाऊन नोटशीट वाचायला घेतली. पहिली दोन पानं कागद, छपाई आणि टाचणीच्या दर्जाविषयी होती. तिसऱ्या पानावर गोळाभात सुरू झाला.

‘गोळे अभेद्य. साखरेचे प्रयोजन कळत नाही. तेल इतके कमी की फोडणी चुरचुरण्याऐवजी कुजबुजली. ज्या भगिनीने ही पाककृती दिली, त्यांनी ती स्वतः कधी केली असावी असे वाटत नाही. केली असल्यास त्यांच्या घरातील मंडळींविषयी सहानुभूती वाटते.’

शेजारी समासात अनंत बक्षींचं ‘सहमत’ होतं. त्याखाली दुसऱ्या कुणाच्या तिरक्या अक्षरात, ‘घरातील मंडळी कोण, हे पुस्तकाच्या मागच्या पानावर पाहावे!!!’ म्हणजे अख्ख्या मंडळाने पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते फक्त लिहिणाऱ्याने. बाईंचा चेहरा उतरला. मिळालं मत, त्यांनी मनाशी म्हटलं. हेच हवं होतं ना?

तरी पान उलटलं, कारण पान उलटायचं राहिलं होतं.

चौथं पान असं होतं, ‘तुलनेसाठी : निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या घरी हा पदार्थ सदतीस वर्षे होत आहे. त्यातील गोळा बोटाने फुटतो व आतून वाफ निघते. हिंगाचा वास फाटकापर्यंत येतो. सन १९९८ मध्ये बैतूल येथे बदलीवर सहा महिने एकटे राहावे लागले असता ज्या गोष्टींची आठवण येत असे, त्यांत हा पदार्थ पहिल्या क्रमांकावर होता. दुसऱ्या क्रमांकावर काही नव्हते. तो करणाऱ्या व्यक्तीस हे कधी सांगितले गेले नाही, कारण तशी पद्धत नव्हती. सबब, पान ३१ वरील पाककृती रद्द समजून घरचा गोळाभात प्रमाण मानावा.’

बाईंनी ते एकदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मागे भांडण ऐन रंगात आलं होतं. “मागचं पान बघा तुम्ही!” मंगलाताई दुसरी एक प्रत दिगंबररावांच्या नाकासमोर नाचवत होत्या.

“आभार परीक्षणात येत नाहीत, ताई.”

“आज येतील! वाचा!”

दिगंबररावांनी वाचलं. ‘पान ३१ : सौ. इंदुमती दिगंबर पांढरीपांडे, नेहरू नगर.’ बदल्यांच्या यादीत अचानक स्वतःचं नाव दिसावं तसे ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी बायकोला शोधलं.

“इंदू, हा... हा तू दिलास?”

“दिला होता. भरड्याचा दिला होता,” बाई तिथूनच म्हणाल्या आणि मंगलाताईंकडे पाहिलं.

मंगलाताईंचा आवाज पहिल्यांदा उतरला. “अगं, आताच्या मुलींना भरडा कुठे मिळतोय, म्हणून बेसन केलं. आणि साखर... आता माझा हात इंदूरचा ना. पडली.”

“पडली?” दिगंबरराव उसळले. “हातून कढईत पडते साखर. छापखान्यात कशी पडेल? आणि तेल? तेल काय सांडलं का?”

“तुम्ही मला सांगू नका! तिळगुळात तिखट घालणारी माणसं तुम्ही!”

“पुरावा द्या! कोणत्या साली?”

हा वाद साखरेवरून नागपूर-इंदूरच्या सीमेवर पोचला, तेवढ्यात बाईंनी नोटशीटची टाचणी काढली, चौथं पान अलगद ओढलं, टाचणी होती तशी लावली आणि पानाची घडी पर्समध्ये टाकली. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. ते लोकांनी वाचलेलं होतं, लोकांचंच राहू दे. चौथंही लोकांनी वाचलंच असणार. पण ते लोकांचं नव्हतं.

“ते काही नाही,” मंगलाताई अखेर म्हणाल्या. “माझं राहू द्या, मी पुस्तकात शुद्धिपत्र घालीन. पण स्वतःच्या बायकोबद्दल लिहिलंय हे, भाऊजी. ही टीप फाडा.”

“टीप फाडता येत नाही.” दिगंबरराव आता खरोखर अवघडले होते. “नस्तीतला कागद काढणं म्हणजे... ताई, आमच्या विभागात एका बाबूने एक पान काढलं होतं. त्याची दोन वर्षं वेतनवाढ थांबली. निवृत्तीच्या दिवशी त्याला कोणी हारसुद्धा घातला नाही. खाली नवी टीप लिहिता येते, तेवढंच.”

“मग लिहा!”

“घ्या,” म्हणून बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि त्या पुन्हा बंद कपाटाकडे वळल्या. कपाटाच्या काचेत त्यांना मागचं सगळं दिसत होतं.

दिगंबररावांनी नस्ती उघडली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, गोलात, त्यांनीच आकडा घातलेला होता. एक. दोन. तीन. पाच. त्यांनी पुन्हा पानं चाळली. टेबलाखाली वाकून पाहिलं. अनुराधाकडे पाहिलं, ती रजिस्टर लिहीत होती. मंगलाताईंकडे पाहिलं, त्यांच्या हातात रुमालाखेरीज काही नव्हतं. मग त्यांची नजर सावकाश बायकोच्या पाठीवर येऊन थांबली. बाईंनी पर्सची चेन थोडी आणखी ओढली, जी आधीच पूर्ण ओढलेली होती.

“काय झालं, काका?” अनुराधाने विचारलं. “काही कमी आहे का त्यात?”

काचेत बाईंनी पाहिलं, दिगंबररावांनी खिशातून पेन काढलं. कागदावर खाडाखोड केली तर बाजूला छोटी सही करायची, हा नियम त्यांनी छत्तीस वर्षांत कैक बाबूंना ओरडून शिकवला होता. त्यांनी शेवटच्या पानावरचा पाच नीट खोडला, शेजारी चार लिहिला, आणि सही केली नाही.

“काही नाही,” ते म्हणाले. “सगळं आहे.”

मग त्या पानावर उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, त्यांनी नवी टीप लिहिली, ‘पाककृती देणाऱ्या भगिनी या निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या पत्नी असल्याचे आज निदर्शनास आले. बेसन, साखर व तेल यांत त्यांचा हात नाही. घरातील मंडळींविषयी व्यक्त केलेली सहानुभूती मागे घेण्यात येत आहे.’ मंगलाताईंनी ती वाचली, नाक मुरडलं आणि खाली ‘सहमत’ असं लिहून सही ठोकली.

दोघं बाहेर आले. ऊन चढलं होतं. दिगंबररावांनी ॲक्टिव्हाची सीट रुमालाने पुसली, आधी मागची, मग पुढची.

“झाली का नस्ती पुरी?” बाईंनी विचारलं.

“झाली.”

“किती पानं भरली?”

दिगंबररावांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा लावायला बराच वेळ घेतला.

“चार,” ते म्हणाले.